डिंक्याचं खरं नाव

नागपूरच्या संत्र्याचं कौतुक सगळेच करतात. बाहेरगावचे पाहुणे आले की संत्राबर्फीचे डबे जातात, लग्नपत्रिकेबरोबर पेटी जाते. आज मात्र मला संत्र्याबद्दल लिहायचं नाही, संत्र्याच्या मारेकऱ्याबद्दल लिहायचं आहे. आमच्याकडे शेतकरी त्याला 'डिंक्या' म्हणतात. मी शाळेत इतिहास शिकवला, विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला. पण या डिंक्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात आयर्लंडपासून रामटेकपर्यंत इतकी माणसं भेटली, की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी डिंक्या म्हणजे काय ते सांगते. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात पावसाळा सरता सरता बागेत फिरलात, तर एखाद्या झाडाच्या बुंध्याशी साल भेगाळलेली दिसते. भेगेतून तपकिरी डिंक ओघळत असतो. साल नखाने खरवडली की आतलं लाकूड तांबूस दिसतं. पानं पिवळी पडतात, गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. मुळं उकरून पाहिली तर बारीक तंतुमुळं सडलेली असतात आणि त्यांची साल बोटाने ओढली तरी निघून येते. एक हंगाम, दोन हंगाम, कधी चार, आणि झाड संपतं. संत्र्याला पहिलं फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. तेव्हा ऐन उमेदीतलं झाड जाणं म्हणजे काय, हे बागवाल्यालाच विचारावं.

आमच्या भाऊजींची काटोलकडे छोटीशी बाग होती. एका वर्षी लागोपाठ झाडं जायला लागली. कृषी केंद्राच्या दुकानदाराने 'बुरशी आहे' म्हणून कार्बेन्डाझिमचे पुडे दिले. फवारणी झाली, मुळाशी ओतून झालं, पैसे गेले आणि झाडंही गेली. माझा पुतण्या तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होता. तो सुट्टीत आला, त्याने सारं पाहिलं आणि म्हणाला, "काका, ही बुरशी नव्हेच. बुरशीचं औषध तिला लागेल कसं?"

भाऊजी गप्प बसले. मला मात्र ते वाक्य लागून राहिलं. बुरशीसारखी दिसते, बुरशीसारखी सडवते, पुस्तकात बुरशीच्या पानावर असते, आणि बुरशी नव्हे? मग ती आहे कोण? आणि हे ठरवलं कुणी?

इतिहास बघायचा तर सुरुवात बटाट्यापासून करावी लागते. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याची शेतं काही दिवसांत काळी पडून सडली. गरीब माणसाचं सगळं जेवण बटाट्यावर होतं. पुढच्या काही वर्षांत तिथे सुमारे दहा लाख माणसं भूक आणि रोगराईने मेली आणि जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. हा देवाचा कोप, दमट हवेचा परिणाम, रेल्वेच्या धुराचा परिणाम, असे नाना तर्क झाले. सडलेल्या पानांवर पांढुरकी बुरशी दिसत होती, पण ती रोगामुळे आली की रोग तिच्यामुळे आला, यावर विद्वानांचं भांडण होतं. माइल्स बर्कली या इंग्रज पाद्र्याने १८४६ मध्येच ठामपणे लिहिलं, की रोग तिच्यामुळे आला. त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. पुढे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी याने प्रयोगांनी ते दाखवून दिलं आणि १८७६ मध्ये या जीवाला नाव दिलं 'फायटोफ्थोरा', ग्रीक भाषेत 'झाडांचा विनाश करणारा'. आपल्या संत्र्याचा डिंक्या याच घराण्यातला.

हे घराणं पाण्याचं. म्हणून याला जलबुरशी म्हणतात. खऱ्या बुरशीचे बीजाणू बहुधा वाऱ्यावर उडतात. यांचे बीजाणू पोहतात! मातीत पाणी साचलं की मुळांवरच्या लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि त्यातून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे जीव बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या, एक पुढे केसाळ आणि एक मागे गुळगुळीत. कोवळ्या मुळातून पाझरणाऱ्या रसाच्या वासावर ते पोहत जातात, मुळाला चिकटतात, शेपट्या टाकून देतात आणि आत शिरतात. पाणी नसेल तेव्हा जाड कवचाचे बीजाणू होऊन मातीत पडून राहतात, पुढच्या पावसाची वाट बघत.

या घराण्याची हिंदुस्थानातली पहिली मोठी नोंद करणारा माणूस म्हणजे एडविन जॉन बटलर. मूळचा आयरिश. बटाट्याच्या दुष्काळाने पोळलेल्या देशातला माणूस याच घराण्याचा अभ्यास करायला आपल्याकडे यावा, याला योगायोग म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा. १९०१ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढे बिहारातल्या पुसा इथे नवीन निघालेल्या कृषी संशोधन संस्थेत काम करू लागला. १९०७ मध्ये त्याने 'पिथियम' या जलबुरशीच्या कुळावर मोठा प्रबंध छापला. गोदावरीच्या मुखाशी ताडाची झाडं शेंड्यातून सडून मरत होती, त्यांचा अभ्यास करून तिथल्या मारेकऱ्यालाही त्याने नाव दिलं. तो जीव आज 'फायटोफ्थोरा पामिवोरा' म्हणून ओळखला जातो. आणि आपल्या विदर्भातल्या संत्राबागांच्या मातीतही तो सापडतो.

बटलरच्या हाताखाली पुशाला एक पारशी तरुण काम करत होता, जहांगीर फरदुनजी दस्तूर. माझ्या गोष्टीचा नायक हाच.

एरंडाची रोपं ओल्या दिवसांत पटापट कोलमडून पडत होती. एरंड म्हणजे काही मानाचं पीक नव्हे. आपल्याकडे म्हणच आहे, ओसाड गावी एरंड बळी. पण दस्तूरांनी त्या रोपांवरचा जीव वेगळा काढला, वाढवला, दुसऱ्या झाडांवर टोचून पाहिला, त्याच्या पिशव्या, बीजाणू, नर-मादी अवयव सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि १९१३ मध्ये जाहीर केलं, की ही नवीन जात आहे. नाव दिलं 'फायटोफ्थोरा पॅरासिटिका'. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे नावापुढे नाव देणाऱ्याचं नाव लागतं. त्यामुळे पुढची कित्येक दशकं जगभरच्या पुस्तकांत ते 'फायटोफ्थोरा पॅरासिटिका दस्तूर' असं छापलं जात होतं. फ्लोरिडातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या संत्राबागांचे शास्त्रज्ञसुद्धा आपल्या मेलेल्या झाडांखाली हेच नाव लिहीत. कारण संत्र्या-मोसंबीचा बुंधा सडवणारा एक मुख्य जीव हाच निघाला. संत्र्यावरची ही आपत्ती तशी जुनीच. अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर १८३० च्या दशकातच गोड संत्र्याच्या बागा अशा बसल्या होत्या. फक्त तेव्हा मारेकऱ्याला नाव नव्हतं.

आता नागपूर. हेच दस्तूर पुढे मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ झाले आणि त्यांचं कार्यक्षेत्र आपलं नागपूर-विदर्भ झालं. इथे त्यांच्यापुढे आलं ते पानवेलीचं दुखणं. रामटेकचे पानमळे तुम्हाला ठाऊक असतीलच. बरई समाजाची माणसं पिढ्यानपिढ्या ही वेल राखत आली. मळ्याला चहूबाजूंनी कुडाची भिंत, वरून सावली, आत कायम गारवा आणि ओल. पानवेलीला जे सुखाचं तेच जलबुरशीलाही सुखाचं! वेल मुळाशी सडायची, पानांवर काळे डाग पडायचे आणि हां हां म्हणता अख्खा मळा जायचा. दस्तूरांनी १९२७ मध्ये या बुडसडीवर टिपण लिहिलं आणि १९३५ मध्ये मध्य प्रांतातल्या पानवेलीच्या रोगांवर विस्तृत प्रबंध छापला. त्यात त्यांना भेटला तो त्यांचा जुनाच ओळखीचा जीव, एरंडावरचा, थोड्या वेगळ्या रूपात. बिहारच्या एरंडावर ओळख झाली आणि रामटेकच्या पानमळ्यात पुन्हा गाठ पडली.

संत्रं तर तोवर नागपूरचं झालंच होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघूजी भोसल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादहून रोपं आणून आपल्या बागेत लावली, असं सांगतात. पुढे ते काळ्या कसदार जमिनीत पसरत गेलं. ही काळी माती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तिचा उपयोग होतो, पण श्रावण-भादव्यात तेच पाणी बुंध्याशी तुंबतं. त्यात आपली कलमं बांधली जातात जंबेरीच्या खुंटावर, आणि जंबेरी या रोगाला लवकर बळी पडते. नागपुरात १९८० च्या दशकात केंद्र सरकारचं लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र अमरावती रोडला सुरू झालं. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. तिथल्या शास्त्रज्ञांनी बागांची आणि रोपवाटिकांची माती तपासली, तेव्हा दस्तूरांचा जीव आणि बटलरचा जीव, दोघंही तिथे हजर होते. पुष्कळदा रोग रोपवाटिकेतूनच पिशवीच्या मातीबरोबर बागेत येतो, हेही तेव्हा स्पष्ट झालं.

माती तपासण्याची रीत मला फार आवडली. पुतण्याने मला ती स्वयंपाकघरात बसून समजावली होती. मूठभर माती पेल्यात घ्यायची, वर पाणी ओतायचं आणि पाण्यावर संत्रावर्गातल्या झाडाच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. मातीत जलबुरशी असेल तर तिचे पोहणारे बीजाणू वर येऊन पानाच्या कडेला चिकटतात. दोन-तीन दिवसांनी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतात. गळाला मासा लागावा तशी ही युक्ती. कुठल्या कुळासाठी तीळ, कुठल्यासाठी भांगेचं बी, कुठल्यासाठी केस आणि सापाची कातसुद्धा आमिष म्हणून वापरतात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ही बुरशी नव्हे तर कोण?

जुन्या काळी सजीवांचे दोनच वाडे होते, प्राणी आणि वनस्पती. बुरशी वनस्पतींच्या वाड्यात परसदारी बसलेली. पुढे बुरशीचा वाडा वेगळा झाला तेव्हा ही जलबुरशीही तिच्याबरोबर गेली. पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, म्हणजे झुरळाच्या कवचात असतं त्या द्रव्याची. जलबुरशीच्या भिंतीत सेल्युलोज असतं, झाडासारखं. बुरशीला दोन शेपट्यांचे असे बीजाणू नसतात. १९८१ मध्ये टॉम कॅव्हेलियर-स्मिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक वेगळाच वाडा सुचवला, आणि नंतर जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा नातं पक्कं झालं. जलबुरशीचे जवळचे भाऊबंद आहेत समुद्रातले तपकिरी शेवाळ आणि डायटम! जलबुरशीपेक्षा तर तुम्ही-आम्ही भूछत्राच्या जास्त जवळचे आहोत.

नात्यांची ही उठाठेव कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून भाऊजींच्या बागेची आठवण करून देते. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशीच्या पेशीचं विभाजन थांबवतं. जलबुरशीला त्याचं काहीच वाटत नाही. तिला मेटॅलॅक्झिल, फोसेटिल यांसारखी वेगळी औषधं लागतात, नाहीतर मोरचुदाचं जुनं औषध. जीव कुणाच्या घरचा हे चुकलं की औषध चुकतं आणि औषध चुकलं की बाग जाते.

आणि हे झाडांपुरतंच नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्कराच्या घोड्यांना पावसाळ्यात अंगावर चिघळणाऱ्या जखमा व्हायच्या. सईस लोक तिला 'बरसाती' म्हणत. गोऱ्या पशुवैद्यांनी तोच शब्द उचलून इंग्रजीत 'बर्साटी' केला आणि १८८४ मध्ये त्यावर लिहिलं. त्यातल्या काही जखमा कृमींच्या होत्या, पण काही या घराण्यातल्या पिथियमच्या होत्या. त्या जातीचं आजचं नाव, 'पिथियम इन्सिडिओसम', पडायला १९८७ उजाडलं. हा जीव माणसाच्या डोळ्यातही जातो. बुबुळावर जखम होते, ती हुबेहूब बुरशीसारखी दिसते, बुरशीचे थेंब घातले जातात आणि डोळा बिघडत जातो. बुरशीच्या बऱ्याच औषधांचा नेम एर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्यावर असतो, आणि या जीवात ते नसतंच. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरची औषधं वापरून काही रुग्णांचे डोळे वाचवले आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. माशांनाही हे घराणं सोडत नाही. १९८८ मध्ये ईशान्येकडून देशात शिरलेल्या एका साथीत तळ्यातल्या माशांच्या अंगावर लाल व्रण पडून मासे मेले, त्यामागेही एक जलबुरशीच होती.

आपल्या शेतकऱ्यांनी यातल्या कित्येकांना आपापल्या परीने नावं दिली आहेत. बाजरीचं कणीस दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटांसारखं होतं, त्याला 'गोसावी' म्हणतात. ज्वारीची आणि द्राक्षाची पानं पांढुरकी-पिवळी पडतात तो 'केवडा'. सुपारी गळवणारा कोकणातला 'कोळेरोग'. आणि आपला 'डिंक्या'. जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं. ही नावं चुकीची मुळीच नाहीत, गोसावी हा शब्द तर एकदा ऐकला की जन्मभर रोग ओळखू येतो. पण गोसावी, केवडा, कोळेरोग आणि डिंक्या हे एकाच घराण्यातले आहेत, सगळ्यांची दुखरी नस ओल हीच आहे, हे त्या नावांतून कळत नाही. ते जोडण्याचं काम बटलर आणि दस्तूरांसारख्यांनी केलं. पुण्यात बी. एन. उप्पल यांनी ज्वारीच्या केवड्यावर केलेल्या कामातून १९३२ मध्ये त्या जीवाला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तेही याच मालिकेतलं.

आता थोडी चुटपुट लावणारी गोष्ट. दस्तूरांनी नाव दिलं १९१३ मध्ये. पण १८९६ मध्ये आजच्या इंडोनेशियात तंबाखूच्या रोपांवर ब्रेडा द हान या डच शास्त्रज्ञाने एका जीवाला 'फायटोफ्थोरा निकोटियानी' असं नाव दिलेलं होतं. तंबाखूवरचा आणि एरंडावरचा हे दोघं एकच की वेगवेगळे, यावर बरीच वर्षं वाद चालला. मध्ये एकाला दुसऱ्याचा पोटप्रकार करून तडजोडही झाली. शेवटी १९९३ मध्ये दोघं एकच मानले गेले. शास्त्राचा नियम सरळ आहे, आधी छापलेलं नाव टिकतं. त्यामुळे नव्या पुस्तकांत दस्तूरांचं नाव आता कंसात किंवा तळटिपेत गेलं. ज्या वर्गात ते जीव बसले होते तो बुरशीचा वाडाही हातचा गेला. आणि नागपूर तर त्यांना केव्हाच विसरलं. माझ्या ओळखीच्या संत्रावाल्यांपैकी एकालाही हे नाव ठाऊक नव्हतं.

पण मला वाटतं, ही हार नव्हे. एरंडाच्या मेलेल्या रोपाकडे दस्तूरांनी इतक्या बारकाईने पाहिलं, की ऐंशी वर्षांनी त्यांच्याच वर्णनाच्या आधारे त्यांचं नाव मागे घेता आलं. वर्णन धड नसतं तर नाव राहिलंही असतं, पण त्याचा अर्थ कुणाला लागला नसता. इतिहास शिकवताना आम्ही मुलांना राजांची नावं पाठ करायला लावत होतो. राज्य गेलं तरी बांधलेला तलाव राहतो, तसंच हे.

राहता राहिली बाग. उपाय ऐकाल तर हसाल, इतके साधे आहेत. पाणी बुंध्याला लागू द्यायचं नाही. म्हणून झाडाभोवती दोन आळी करतात, आतलं कोरडं आणि बाहेरच्यात पाणी. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा. पावसाळ्याआधी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचं बोर्डो मलम करून बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत फासायचं. वरुड-काटोलकडे रस्त्याने जाताना बुंध्यांना फिकट निळा रंग दिसतो ना, तो हाच. हे औषध १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे याने पुढे आणलं. बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी चोरांना भिववायला मोरचूद-चुना शिंपडत. तेवढ्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे त्याच्या नजरेस आलं होतं. आणि रोप घेताना मातीचा विचार करायचा, नुसत्या किमतीचा नाही.

भाऊजींनी पुढे उरलेल्या झाडांना दोन आळी केली, मलम लावलं. गेलेली झाडं परत आली नाहीत, पण उरलेली बरीचशी टिकली. यंदा हिवाळ्यात नागपूरला याल तेव्हा संत्रं जरूर खा. आणि सोलताना एकदा त्या एरंडवाल्या दस्तूरांची आठवण काढा. निदान आपल्या घरात तरी त्यांचं नाव राहू दे.